परदेशी विद्यापीठे दारात आली, आपले प्रतिनिधित्व कुठे आहे?

१४ जून २०२५ रोजी मुंबईत मोठा गाजावाजा करून एक कार्यक्रम झाला. केंद्रीय शिक्षणमंत्री आणि मुख्यमंत्री यांच्या उपस्थितीत पाच परदेशी संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ही तीन विद्यापीठे, अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतील डिझाइनची एक संस्था. नवी मुंबईत विमानतळाच्या परिसरात सिडकोच्या सहकार्याने 'एज्युसिटी' उभी राहणार, असे जाहीर झाले. त्या संध्याकाळी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आल्या. काहींनी लिहिले, "आता लंडनला जायची गरज नाही, लंडनच पनवेलला आले." काहींनी लिहिले, "हे सगळे भांडवलदारांचे कारस्थान आहे, बहिष्कार टाका."

मला दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात. या विद्यापीठांच्या दारातून आत कोण जाणार, हा प्रश्न पहिली प्रतिक्रिया विचारतच नाही. आणि दुसऱ्या प्रतिक्रियेला हे आठवत नाही की ज्या महामानवाच्या नावाने आपण उभे आहोत, तो कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेला होता.

मी समाजशास्त्रात एम.ए. केले तेव्हा 'जागतिकीकरण आणि समाज' असा एक पेपर होता. झेरॉक्स नोट्सवर तो पेपर आम्ही पास झालो. पण एक फरक मला तेव्हा पक्का समजला आणि तो आजही उपयोगी पडतो. उच्च शिक्षणाच्या अभ्यासक जेन नाइट आणि फिलिप आल्टबाख यांनी जागतिकीकरण आणि आंतरराष्ट्रीयीकरण या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. जागतिकीकरण म्हणजे बाहेरून रेटा देणाऱ्या आर्थिक, राजकीय, सामाजिक शक्ती. आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे त्या रेट्याला सरकारे आणि विद्यापीठे जी धोरणे आखून उत्तर देतात ती. रेटा आपल्या हातात नसतो, पण उत्तर कोणते द्यायचे हे ठरवता येते. म्हणून "जग बदलले आहे, इलाज नाही" असे कोणी कुलगुरू किंवा मंत्री म्हणाला, की समजावे की त्याने निवड केलेली आहे आणि तो ती लपवत आहे.

वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी उत्तरे दिली, हे उघड दिसते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेत नाहीत. ब्रिटनने १९८० पासून परदेशी विद्यार्थ्यांना पूर्ण खर्चाचे शुल्क लावले. पुढे इंग्लंडमधल्या स्थानिक विद्यार्थ्यांच्या पदवीचे शुल्क २०१७ पासून कित्येक वर्षे ९,२५० पौंडांवर गोठून राहिले आणि विद्यापीठांचा डोलारा परदेशी विद्यार्थ्यांच्या पैशावर उभा राहिला. ऑस्ट्रेलियाचीही गत तीच. मग २०२४ मध्ये ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांनी स्थलांतरावरून ओरड झाल्यावर परदेशी विद्यार्थ्यांवर निरनिराळे निर्बंध आणले. विद्यार्थी नको, पण त्यांची फी हवी, असा हा पेच आहे. विद्यापीठानेच विद्यार्थ्याच्या देशात शाखा काढली तर हा पेच बराचसा सुटतो. या विद्यापीठांना अचानक भारत का आवडू लागला, याचे एक मोठे कारण हे आहे.

आपल्या बाजूने दार उघडण्याची तयारीही जुनी आहे. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचा सेवा व्यापारविषयक करार, म्हणजे गॅट्स, लागू झाला. त्या कराराच्या भाषेत शिक्षण ही विकता येणारी सेवा आहे. २००० साली पंतप्रधानांच्या व्यापार व उद्योग परिषदेसाठी बिर्ला आणि अंबानी यांनी शिक्षणसुधारणांचा अहवाल दिला. शिक्षणाचे धोरण सांगायला उद्योगपती बसवले, यातच पुढची दिशा ठरली होती. २०१० मध्ये परदेशी शिक्षणसंस्थांचे विधेयक संसदेत आले, ते पुढे बारगळले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो विषय पुन्हा वर काढला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांच्या शाखांसाठी नियमावली काढली. जे संसदेत कायदा म्हणून झाले नाही, ते आयोगाच्या नियमाने झाले.

मित्रांनो, ही नियमावली आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचली पाहिजे. प्रवेशाची पद्धत आणि निकष परदेशी संस्था स्वतः ठरवणार. शुल्कही तीच ठरवणार; ते पारदर्शक आणि वाजवी असावे, एवढेच म्हटले आहे. प्राध्यापकांची पात्रता आणि नेमणूकही तिच्याच हातात. गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देता 'येईल', द्यावीच लागेल असे नाही. आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग यांच्या आरक्षणाची सक्ती कुठेच नाही. पदवी मात्र भारतातल्या पदवीच्या बरोबरीची.

आता हिशेब मांडू. देशात याआधी सुरू झालेल्या परदेशी शाखांमध्ये पदवीचे शुल्क वर्षाला दहा लाखांच्या वर गेलेले आहे. आपल्या मुलांना मिळणाऱ्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्या घराने चार वर्षांची फी भरायला सोळा वर्षे काही न खाता जगावे लागेल. अशा ठिकाणी "प्रवेश गुणवत्तेवर" हे वाक्य लिहिले काय आणि न लिहिले काय, सारखेच. जात विचारायचीही गरज पडत नाही. फी तेवढी विचारली की काम भागते.

यावर ठरलेले उत्तर येते: या खाजगी संस्था आहेत, तिथे आरक्षण कसे लावणार? हे उत्तर ऐकून आपली मुले गप्प बसतात. त्यांनी गप्प बसू नये. ९३ व्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम १५(५) आले. त्यानुसार अल्पसंख्याक संस्था वगळता, अनुदानित असो वा विनाअनुदानित, खाजगी शिक्षणसंस्थांतही प्रवेशासाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार शासनाला आहे. २०१४ मध्ये प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. महाराष्ट्राने २००६ मध्ये खाजगी व्यावसायिक शिक्षणसंस्थांतील आरक्षणाचा कायदा केलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीनेही खाजगी उच्च शिक्षणसंस्थांत आरक्षणासाठी कायदा करावा, अशी शिफारस केली. म्हणजे संविधानाचा दरवाजा उघडा आहे. आत जायची इच्छा शासनाला नाही.

त्यात नवी मुंबईची जमीन ही काही कुणाची वडिलोपार्जित खाजगी मालमत्ता नव्हे. १९७० च्या दशकापासून शासनाने आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन ते शहर वसवले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली विकसित जमिनीतला वाटा पदरात पडला. अशा शहरात सार्वजनिक यंत्रणेच्या मदतीने विद्यापीठ उभे राहत असेल, तर त्यावर सार्वजनिक अटी लागल्याच पाहिजेत.

दुसरीकडे आपली सरकारी विद्यापीठे काय करत आहेत? त्यांचेही उत्तर मी जवळून पाहिले आहे. मी ज्या विद्यापीठात शिकले तिथे नॅकची समिती येणार म्हटले की 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षा'ला रंग लागायचा. भिंतीवर परदेशी विद्यापीठांशी झालेल्या सामंजस्य करारांच्या फ्रेम होत्या. पाहुणे यायचे, शाल-श्रीफळ व्हायचे, फोटो निघायचे. आमच्या वर्गात बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर होते. त्यातला एकही करार आमच्यातल्या कुणाला विमानतळापर्यंत घेऊन गेला नाही. त्याच वर्षी मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहाची मेस तीन महिने बंद होती आणि आम्ही आळीपाळीने खोलीतल्या शेगडीवर खिचडी शिजवत होतो.

हा दोष एका विद्यापीठाचा नाही. विद्यापीठे ज्या मापाने मोजली जातात, त्या मापातच तो आहे. क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत ३० टक्के गुण शैक्षणिक प्रतिष्ठेला, म्हणजे इतर प्राध्यापक तुमच्याबद्दल काय म्हणतात याला आहेत. परदेशी प्राध्यापक किती याला ५ टक्के, परदेशी विद्यार्थी किती याला ५ टक्के. तुमच्या विद्यापीठाने ऊसतोड कामगाराची किती मुले पदवीपर्यंत नेली, याला शून्य. आपल्या देशाच्या एनआयआरएफ क्रमवारीत निदान समावेशकतेचा एक भाग आहे, पण त्याचे वजन एकूण १० टक्के, आणि त्यातही परराज्यातील-परदेशी विद्यार्थी, स्त्रिया, अपंग आणि वंचित घटक असे सगळे वाटेकरी. ज्याला गुण नाहीत त्याकडे लक्ष नाही, हे दहावीच्या पोरालाही कळते. मग कुलगुरूंना न कळायला काय झाले? परदेशी विद्यार्थ्यांसाठी २५ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागा निर्माण करण्याची मुभा आयोगाने २०२२ मध्ये दिली. जागा वाढवण्याची ही तत्परता प्राध्यापकभरतीत दिसत नाही. तिथे आमचे नेट-सेट झालेले मित्र चाळिशीला आले तरी तासिका तत्त्वावर शिकवत आहेत.

२०२२ मध्येच भारतीय आणि परदेशी विद्यापीठांच्या एकत्रित पदव्यांचेही नियम आले. काही श्रेयांक इथे, काही परदेशात, अशी ती योजना. कल्पना वाईट नाही. पण त्यासाठी भारतीय संस्थेला नॅकचे ३.०१ च्या वर गुण हवेत किंवा एनआयआरएफच्या पहिल्या शंभरात नाव हवे. गावाकडच्या महाविद्यालयात शिकणारी आपली मुले तिथेच बाहेर पडतात. जी उरतील, त्यांच्या विमानाच्या तिकिटाचे काय? नियमात त्याचे उत्तर नाही.

आता दुसरा रस्ता पाहू. आपल्या माणसाने बाहेर जाण्याचा. १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी दिली होती. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून वाचवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज, यावर ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि अभ्यास पुरा केला. शिक्षणातले आंतरराष्ट्रीयीकरण वंचित माणसाच्या बाजूने वळवायला काय लागते, ते या एका आयुष्यात दिसते. पैसे द्यायची तयारी असलेले शासन लागते, मुदत देणारे विद्यापीठ लागते आणि पाठीशी उभा राहणारा समाज लागतो.

बाबासाहेबांनी हे स्वतःपुरते ठेवले नाही. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले आणि त्यात उच्च व परदेशी शिक्षणासाठी मदतीची मागणी केली. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आहे.

या रस्त्याची आजची रुंदी किती? केंद्राच्या योजनेत संपूर्ण देशासाठी वर्षाला १२५ जागा, त्यातल्या अनुसूचित जातींसाठी ११५. राज्याच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी ७५. २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत १०६ जणांची निवड झाली, पण पत्रे सुरुवातीला ४० जणांनाच मिळाली. उरलेल्या ६६ जणांना निधी मिळाला तर पत्र मिळेल, असे कळवले गेले. परदेशातले सत्र आपल्या मंत्रालयाची फाईल हलण्याची वाट पाहत नाही.

आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी एक वेगळीच अट घातली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. आज त्याच विषयावर परदेशात संशोधन करायचे म्हणणाऱ्या मुलाला बाबासाहेबांच्या वारशातून उभी राहिलेली शिष्यवृत्ती मिळणार नाही. जातीवर बोलायचे असेल तर घरात बोला, बाहेर बोलू नका, असाच याचा अर्थ. आंतरराष्ट्रीयीकरणाच्या घोषणा देणाऱ्यांना जगाने नेमके काय ऐकू नये असे वाटते, ते यातून उघड होते.

मी मराठवाड्यात विद्यार्थ्यांसोबत काम करते. परदेशी प्रवेशाचे अर्ज भरताना मुलांच्या शेजारी बसणे हा त्या कामाचा एक भाग आहे. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, ट्रान्सक्रिप्ट, आयएल्ट्सची फी, दोन शिफारसपत्रे. हुशारी या मुलांकडे पुष्कळ असते. शिफारसपत्र इंग्रजीत लिहून देणारा प्राध्यापक नसतो. एका मुलीला ब्रिटनमधल्या विद्यापीठाने प्रवेश दिला. जागा पक्की करायला अनामत रक्कम भरायची तारीख जुलैत होती आणि शिष्यवृत्तीचा निकाल लागला सप्टेंबरात. तिला वर्ष पुढे ढकलावे लागले. तिची आई शेतात मजुरीला जाते. मी घरी गेले तेव्हा तिने फीबद्दल काहीच विचारले नाही. ती म्हणाली, "ताई, तिकडं कुणी इचारलं तर आपली जात सांगायची का?"

मी तिला म्हणाले, "सांगा. सांगायला लाज कसली?" पण तिचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा मोठा होता. जात पासपोर्ट काढते, विमानात बसते आणि परदेशातल्या भारतीय मुलांच्या फ्लॅटमध्येही पोचते, हे त्या माउलीला कोणत्याही पेपरशिवाय ठाऊक होते. तिथल्या काही विद्यापीठांना ते ठाऊक होऊ लागले आहे. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने तिच्या सर्व केंद्रांसाठी हे केले आणि त्याच वर्षी ब्राउन विद्यापीठानेही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. हे सहज झाले नाही. तिथल्या आंबेडकरी विद्यार्थ्यांनी आणि संघटनांनी ते लढून मिळवले. विरोध करायला आपल्याच देशातून गेलेले लोक पुढे होते. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले जातिभेदविरोधी विधेयक ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या गव्हर्नरने नाकारले, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

विसंगती बघा. अमेरिकेतील विद्यापीठे जात ओळखायला शिकत आहेत आणि जातीच्या मायदेशात येणाऱ्या परदेशी विद्यापीठांना आपले शासन सांगते की इथे जातीचा विचार करण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

म्हणून आपली भूमिका बहिष्काराची नसावी आणि स्वागताच्या हारतुऱ्यांचीही नसावी. आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. कलम १५(५) खाली कायदा करून सर्व खाजगी आणि परदेशी शाखांत आरक्षण लागू करा आणि त्या जागांची फी शासनाने भरावी. सार्वजनिक जमीन वा सवलत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख करावा. परदेशी शिष्यवृत्तीच्या जागा वाढवा, निकाल परदेशी विद्यापीठांच्या वेळापत्रकाआधी लावा आणि विषयांवरची २०२२ ची बंदी उठवा. विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय कक्षाने दरवर्षी पहिल्या पिढीच्या किती विद्यार्थ्यांचे परदेशी अर्ज भरून घेतले, हा आकडा जाहीर करावा.

यातले पहिले तीन मुद्दे शासनाशी लढायचे आहेत. चौथ्यासाठी थांबायची गरज नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय कक्ष कोणत्या इमारतीत आहे, ते शोधा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: गेल्या पाच वर्षांत किती करार झाले, किती विद्यार्थी बाहेर गेले, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे किती, खर्च किती आणि कशावर झाला. आणि जे आपले भाऊबहीण आधीच परदेशी शिकून आले आहेत, त्यांनी वर्षाला दोन मुलांचे अर्ज तपासून द्यावेत. एकलव्य इंडिया फाउंडेशनसारख्या संस्थांमधून विदर्भातल्या कार्यकर्त्यांनी हे काम उभे करून दाखवले आहे. प्रत्येक जिल्ह्यात ते उभे राहू शकते.

माझ्या त्या विद्यार्थिनीचा अर्ज यंदा पुन्हा भरला आहे. संशोधनाचा विषय बदलू का, असे तिने मला विचारले. जातीवरचा विषय ठेवला तर शिष्यवृत्ती हातची जाईल अशी तिला भीती आहे. असा प्रश्न एका हुशार मुलीला विचारावा लागतो, यापेक्षा मोठा पुरावा मला या धोरणाविरुद्ध द्यायचा नाही.

जय भीम!